कुटाराच्या पोटातला ताप

मी एक जुनी सब्बल आहे. तुमच्या पुस्तकांत मला पहार म्हणतात. साडेतीन हात लांब, एका टोकाला अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला चपटी. मित्रांनो, तुम्ही छत्रीचं मनोगत ऐकलं असेल, फाटक्या पुस्तकाचं ऐकलं असेल आणि ऐकून हळवे झाला असाल. तेवढ्यासाठी माझ्याकडे आला असाल तर आत्ताच उठा. मी लोखंड आहे, आणि माझा राग अजून निवलेला नाही.

माझा जन्म अनसिंगला, रज्जाकभाईंच्या भट्टीत झाला. त्याआधी मी एका मोडीत निघालेल्या ट्रकचा एक्सल होते. रज्जाकभाईंनी मला कोळशात खुपसलं. आधी मी पिकल्या मिरचीसारखी लाल झाले, मग संत्र्याच्या फोडीसारखी. रज्जाकभाई रंग पाहून ताप ओळखायचे. हाताने ओळखायची वेळ यायची तेव्हा तळहात एक वीत अंतरावर धरायचे आणि मान हलवायचे. घणाखाली मी सरळ झाले, टोक निघालं, आणि शेवटी त्यांनी माझं टोक पाण्यात बुडवून मला पाणी दिलं, म्हणजे टोक कडक केलं. चर्र आवाज झाला. त्या आवाजाला रडणं म्हणा किंवा हसणं म्हणा. मला विचाराल तर तो लोखंड थंड होण्याचा आवाज होता.

मला नेलं गोजराबाईने. अनसिंगपासून चार कोसांवरच्या गावात तिचं घर, घरामागे गोठा, आणि ओढ्याच्या काठाला दीड एकर बागायत. नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. कारली, दोडकी, वालाच्या शेंगा अशी वेलाची भाजी ती पिकवायची. वेलाला मांडव लागतो, मांडवाला डांब म्हणजे लाकडी खांब लागतात आणि डांबाला खड्डे. आमच्याकडचा मुरूम कसा असतो हे ज्यानं खणलाय त्यालाच माहीत. गोजराबाई दोन्ही हातांनी मला उचलायची, खाली आपटायची, आणि प्रत्येक घावाला तिच्या तोंडून ओवीचा तुकडा पडायचा:

सब्बल माही सई, मुरमात जाते खोल,
माह्या मांडवाले बाई, हिच्यापायी आला तोल.

ती सई म्हणाली की मुरूम मऊ लागायचा. तेव्हा सारं गाव मला मागून न्यायचं. लग्नाच्या मांडवाचे खांब, देवळासमोरचा झेंड्याचा खांब, उरुसाच्या पताकांच्या काठ्या, सगळ्यांचे खड्डे मी केले. देवळासाठी मी वेगळी वाकले नाही आणि दर्ग्यासाठी वेगळी नाही. खाली मुरूम सारखाच होता.

मग खड्डे करायची यंत्रं आली. घर्रकन फिरून तासाभरात पन्नास खड्डे. माझं मागणं थांबलं आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात उभी राहिले. चंद्री म्हैस माझ्यावर पाठ घासायची. तेवढीच काय ती माझी विचारपूस.

आता ऐका, ज्यासाठी मी बोलायला बसले आहे ते.

गेल्याच्या आदल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन काढणीला आलं आणि आभाळ फाटलं. गोजराबाईने चुलत्याच्या शेतातून कुटार मागून घेतलं होतं. कुटार म्हणजे शेंगा मळून झाल्यावर उरतो तो भुसा, टरफलं, काड्या. उन्हाळ्यात चंद्री त्याच्यावरच जगणार होती. आणि चंद्रीच्या दुधावर गोजराबाई. कुटार ओलं होतं. वाळवायला ऊन नव्हतं, आणि पुन्हा पाऊस येणार अशी हूल होती. तिने घाई केली. गोठ्याच्या भिंतीला लावून ढीग रचला, पायाने तुडवून दाबला, वर ताडपत्री ओढली, आणि ताडपत्री उडू नये म्हणून माझं जडपण तिच्या काठावर ठेवलं. चूक तिचीच होती. मी तिच्यावर प्रेम करते, तरी हे सांगते.

अठराव्या दिवशी, थंडीच्या सकाळी, ढिगातून धूर निघाला.

काडी लावली नव्हती. चूल लांब होती. ताडपत्रीच्या फटीतून पांढरा, सावकाश, सरळ वर जाणारा धूर.

तो पहिल्यांदा दिसला शेजारच्या हिरालालला. हिरालाल देवळाच्या पंचांतला माणूस. त्याची सहा वर्षांची नात अंजू बारा दिवस तापाने फणफणत होती. वाशिमला दवाखान्यात चार दिवस ठेवून आदल्या दिवशीच घरी आणली होती. त्या पहाटे तिला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. हिरालाल आनंदाने अंगणात आला, देवीचं नाव घेऊन त्याने मान वर केली, आणि समोर बिनआगीचा धूर. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? तो तिथेच आडवा झाला. त्याच्या कपाळाला ओली माती लागली.

"धुनी हाये ही! देवीची धुनी!" तो ओरडला. "पोरीचा ताप देवीनं वढून घेतला अन् इथं ठेवला!"

इथवर मला त्याचा राग नाही. राग पुढचा आहे.

दुपारपर्यंत तांब्यांची रांग लागली. आमच्याकडे देव तापलेला असला की त्याला पाणी घालून निववतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून बायांनी ताडपत्री वर करून पाणी घातलं. कुणी दूध घातलं, कुणी गुळाचं पाणी. ओल्या कुटारावर आणखी ओल आणि तिच्यात गूळ. तिसऱ्या दिवशी धूर वाढला. धूर वाढला म्हणून गर्दी वाढली, गर्दी वाढली म्हणून पाणी वाढलं. गावाने स्वतःच्या हाताने चमत्काराला खाऊ घातलं, मित्रांनो, आणि तो कसा धष्टपुष्ट होतोय हे पाहून हात जोडले.

गोजराबाईनेही जोडले. आठ दिवस ती रोज हळदकुंकू वाहत होती. तिच्या दारात देवी आली म्हणून लोक तिला माय म्हणू लागले होते. जन्मभर जिला कुणी साधं बस म्हटलं नाही, तिला ते गोड वाटलं असेल. मी ताडपत्रीच्या काठावर पडून होते आणि माझ्या पोटाला खालून ऊब लागत होती.

नवव्या दिवशी तिने चंद्रीसाठी बाजूने दोन घमेली कुटार काढलं. ते काळं पडलं होतं, तंबाखूसारखं, आणि जळक्या गुळासारखा वास येत होता. चंद्रीने हुंगलं, नाकातून फुरकारलं आणि तोंड फिरवलं. गोजराबाई घमेल्याकडे बघत उभी राहिली. मग ती भाजीची पाटी घेऊन अनसिंगच्या बाजाराला गेली आणि परतताना रज्जाकभाईंना सोबत घेऊन आली.

रज्जाकभाईंनी ढिगाला एक फेरी मारली. वास घेतला. तळहात एक वीत अंतरावर धरला. मग म्हणाले, "बाई, उकिरड्यात थंडीच्या दिवसांत हात घालून पायला का कदी? गरम लागते का नाई?"

"लागते नं."

"तेच हाये हे. ओलं कुटार दाबून भरलं, आत सडून राह्यलं. सडते त्याले ताप येते. वरतून ताडपत्री, ताप जाईन कुठं? अन् तुमी रोज पानी घालून राह्यले, सडनं आनखी वाढून राह्यलं."

"मंग आग लागते का?"

"आज नाई लागली, उद्या लागंल. सब्बल हाये नं तुह्याजवळ? खुपस ढिगात. दोन भाकरी खाऊन होतीन इतका वेळ राहू दे. काढून हात लाव. हात ठेवता आला तं मी खोटा."

गोजराबाईने मला उचललं. किती दिवसांनी! तिच्या तळहाताचे घट्टे माझ्या अंगाला ओळखीचे लागले. तिने मला ढिगावर रोखलं, आणि हिरालाल मध्ये आला.

"काय करून राह्यली वं गोजराबाई?"

"पाहून राह्यली आत काय हाये ते."

"आत देवी हाये. तू देवीच्या पोटात सब्बल खुपसतं?"

"हिरालालभाऊ, ह्या भिंतीच्या मांगं माही म्हैस बांधून हाये. म्हशीच्या मांगं माहं घर हाये. लागली आग तं मी कुठं जाऊ?"

"देवीची धुनी घर जाळत नाई."

"कुठं लिवलं हाये?"

बायांमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. हिरालालचं तोंड लाल झालं. तो रज्जाकभाईंकडे वळला. "अन् तुमचं काय काम इथं? आमच्या देवीचं तुमाले काय समजते?"

"देवीचं नाई समजत बाप्पा," रज्जाकभाई म्हणाले. "तापल्या लोखंडाचं समजते. तेवढ्यासाठीच आलो."

"याले हिनंच आनला," मागून एक आवाज आला. "आठ दिवस माय म्हनून घेतलं, आता देवीवर उलटली." दुसरा आवाज म्हणाला, "हिच्याच्यानं सारं गाव भोगंल." आठ दिवसांची माय एका क्षणात कैदाशीण झाली. लोकांच्या डोळ्यांत मी तो रंग पाहिला, आणि मी भट्टीतले सगळे रंग पाहिलेली आहे.

गोजराबाई वाकली. हिरालालच्या काखेखालून तिने मला ढिगात खुपसलं.

मित्रांनो, आतलं मी तुम्हाला सांगते, कारण आत गेलेली मी एकटी. वरची हातभर जागा ओली होती. तिच्याखाली वाफ, आंधळी, दमट, गुदमरलेली. आणि तिच्याही खाली एक कोरडी पोकळी, काळी, भाजलेल्या पानांची, जिथे काहीतरी हळूहळू स्वतःला खात होतं. तिथे मला कुणाचा आवाज आला नाही. कुणाचा हात लागला नाही. ताप होता. भट्टीतला तोच ताप, फक्त कोळसा नाही आणि भाता नाही.

दोन भाकरींचा वेळ गेल्यावर मला बाहेर काढलं. रज्जाकभाईंनी तांब्यातल्या पाण्याचे चार थेंब माझ्या टोकावर शिंपडले. चर्र झालं. गर्दी एक पाऊल मागे सरली.

"दे इकडं," हिरालाल म्हणाला आणि त्याने माझं टोकच मुठीत धरलं. लगेच सोडलं. तळहातावर फोड उठला. तो हात वर करून सगळ्यांना दाखवू लागला. "पायलं? पायलं का? देवीनं चटका देला! म्हनलं व्हतं नं, हात लावू नोका!"

"आग हाये म्हनून पोळलं रे भाऊ," रज्जाकभाई म्हणाले.

"देवी हाये म्हनून पोळलं!"

हा माझा खरा राग आहे. मी आत जाऊन आले. मी जे आणलं ते खोटं नव्हतं. आणि एकाच तापल्या लोखंडाकडे बोट दाखवून दोन माणसं दोन गोष्टी सिद्ध करत होती, आणि भिंतीमागे चंद्री दोराला झटके देत होती. तिचं कुणी ऐकत नव्हतं.

ऐकलं निताने. निता हिरालालची सून, अंजूची आई. ती पुढे आली तशी सगळ्यांनी तिला वाट दिली, कारण ही देवी म्हणे तिच्याच लेकीसाठी आली होती.

"मामाजी," ती म्हणाली, "पोरीले चार दिवस सलाईन व्हतं. मी उशाशी बसून व्हती. ताप सुईनं गेला का देवीनं, मले नाई सांगता येत. मी तं दोघायच्या पाया पडली. पन ही म्हैस जळाली तं गोजरामाय खाईन काय? म्हैस तं सोडू द्या."

"घरात बोल तू. गावात नोको बोलू."

"घरात बोलली असती तं आयकलं असतं का तुमी?"

तिने डोक्यावरचा पदर कमरेला खोचला, गोठ्यात शिरली आणि चंद्रीचा दोर सोडला. म्हैस जी निघाली ती थेट ओढ्यापर्यंत थांबली नाही.

"ठीक हाये," हिरालाल म्हणाला. तो दोन पावलं मागे सरला. "फोडा ढीग. पन आयकून घ्या. काही झालं तं गावचा मानूस एक बादली उचलनार नाई."

आणि खरंच कुणी उचलली नाही. सगळे हाताची घडी घालून उभे राहिले. तांबे भरलेले होते, घागरी भरलेल्या होत्या, देवीसाठी आणलेल्या. तिघं कामाला लागली. गोजराबाई, निता आणि रज्जाकभाई. त्यांनी ताडपत्री ओढली, माझ्या चपट्या टोकाने कुटार उचकटलं, वरचा थर बाजूला फेकला. आणि आतल्या काळ्या पोकळीला पहिल्यांदा वारा लागला.

भडका उडाला. माणसाच्या उंचीचा.

"कोप! कोप झाला!" गर्दी किंचाळली. निताच्या हाताचे केस होरपळले. गोजराबाईने मला टाकलं नाही. ती जळतं कुटार माझ्याने भिंतीपासून दूर ओढत राहिली, आणि माझं टोक त्यात लाल झालं. आगीने गोठ्याच्या छपराचा कोपरा धरला. तिघांच्या तीन बादल्या अशा आगीला काय पुरणार? मी लोकांकडे पाहत होते. भरलेल्या घागरी आणि बांधलेले हात. त्यातल्या निम्म्या हातांसाठी मी खड्डे केले होते.

मग वारा फिरला. पेटलेल्या काड्यांचा एक झुबका उडाला आणि हिरालालच्या अंगणातल्या तुरीच्या वाळल्या तुराट्यांवर पडला.

"पानी आना!" हिरालालच ओरडला. "अबे पायता काय, पानी आना!"

घागरी उचलल्या गेल्या. एकदम पन्नास. आता कुणाच्या बोटाला कुंकू नव्हतं आणि कुणाच्या ओठांवर देवीचं नाव नव्हतं. धावत होते, सांडत होते, एकमेकांना शिव्या देत होते. तासाभरात सगळं विझलं. गोठ्याचा एक कोपरा गेला. अर्ध्याहून जास्त कुटार गेलं. घर राहिलं. संध्याकाळी चंद्री स्वतःच्या पायांनी परत आली आणि गोजराबाई तिच्या मानेला मिठी मारून इतकं रडली की मला तिकडे बघवेना.

आता गाव शहाणं झालं असेल, असं तुम्हाला वाटत असेल. नाही झालं. सब्बल खुपसली म्हणून देवी कोपली, असं निम्मे म्हणाले. देवी होती म्हणून घरं वाचली, असं उरलेले म्हणाले. आणि चौथ्या दिवशी त्यांनी काय केलं? मला राखेत उभं गाडलं, शेंदूर फासला, डोक्यावर झेंडूचा हार टाकला. देवीच्या पोटात जाऊन आलेली सब्बल! माझ्या टोकाचं पाणी उतरलं होतं. शेंदराखाली मला गंज चढत होता, आणि समोर अगरबत्ती. इतका अपमान माझा घणाखाली झाला नाही.

पाचव्या दिवशी भर दुपारी गोजराबाई आली. छपराला नवे डांब रोवायचे होते. तिने मला दोन्ही हातांनी धरलं.

"हात लावू नोको!" हिरालाल आपल्या ओट्यावरून उठला. त्याच्या तळहाताला पट्टी होती. "देव हाये थे आता!"

"देव असंल तं निंघनार नाई माह्याच्यानं," ती म्हणाली. तिने मला दोनदा डावीउजवीकडे हलवलं. मी निघाले. लगेच निघाले. कशाला अडून बसू?

"पायलं?" ती म्हणाली. "सब्बलच हाये."

तिने मला रॉकेलच्या फडक्याने पुसलं. रज्जाकभाईंनी पुन्हा तापवून टोकाला पाणी दिलं. नवा गोठा उभा राहिला. पण गावातल्या कितीतरी दारांनी तिची भाजी घेणं बंद केलं, ते आजवर बंद आहे. ती अनसिंगला पाटी नेते. परतताना बायांचा घोळका तिला बघून वाट सोडतो. निता मात्र कुंपणावरून शेंगा मागून घेते, सासऱ्यादेखत.

गेल्या दिवाळीला पुन्हा अवकाळी आला. या वेळी हिरालालच्या अंगणात कुटाराचा ढीग होता. एका दुपारी तो आमच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ आभाळाकडे बघत होता. वर्षभरात तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"सब्बल पायजे व्हती," तो म्हणाला. "खड्डा करा लागते."

गोजराबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या ढिगाकडे पाहिलं. "ने," ती म्हणाली. "भिजल्या जागी खोल घाल. वरवर नोको."

मी गेले आणि आले. परत आले तेव्हा माझ्या टोकाला ओलं कुटार चिकटलेलं होतं, आणि माथ्यावर कुंकवाचं एक बोट होतं. त्या संध्याकाळी त्याने ढीग पसरून टाकला. मला त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं, पसरवलास ते बरं केलंस. कुंकवाचं तुझं तू बघ.

मित्रांनो, देव आहे की नाही हे मला विचारू नका. मी जिथवर गेले तिथवर ताप होता. त्याच्या पलीकडे माझी लांबी पुरत नाही. मला हार नको, शेंदूर नको, कौतुक नको. वर्षातून दोनदा तेलाचं फडकं फिरवा, पावसात टाकू नका आणि काम द्या. आणि कधी तुमच्या गावात बिनआगीचा धूर दिसला, तर हात जोडायचे असतील ते जोडा, भांडायचं असेल ते भांडा. पण त्याआधी भिंतीमागे जाऊन म्हैस सोडा.